आधी काडतूस, मग रायफल

वस्तू घेताना आपण वस्तूच पाहतो. ती पुढं काय खाऊन जगणार आहे, याची चौकशी सहसा करत नाही. आमच्या घरी माळ्यावर एक पितळी स्टो आहे. त्याची टाकी चिंचेनं घासली तर आजही सोन्यासारखी उजळेल. पंप दाब धरतो, बर्नरही शाबूत आहे. पण रेशनवर रॉकेल मिळेनासं झालं आणि बिचारा माळ्यावर गेला. त्याच्यात बिघाड काही नव्हता. त्याचं अन्न तेवढं संपलं होतं.

हा साधा विचार माझ्या मनात पक्का बसला तो मात्र स्टोवरून नव्हे, बंदुकीवरून. कला शाखेच्या विद्यार्थ्यानं बंदुकीवर लिहावं याचं काहींना नवल वाटेल. इतिहासाच्या तासाला बसणाऱ्यांना तरी ते वाटू नये. १८५७ साली जे रान पेटलं, त्यात एन्फिल्ड रायफलीपेक्षा तिच्या काडतुसाचाच बोलबाला अधिक झाला, हे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिलेलं आहे. बंदूक कोणाच्या हातात आहे हे दिसतं. तिच्या पोटात काय जातं आणि ते कुठून येतं, हा प्रश्न मागं राहतो.

तो प्रश्न माझ्यापुढं आणला माझ्या थोरल्या मामांनी. मामा अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतात. आता तिथलेच नागरिक आहेत. त्यांचं बालपण मात्र कोकणात गेलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा घालायचा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. रात्री रानडुकरं खाचरात उतरली की आजोबा हवेत एक बार काढत आणि डुकरं पळत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकाल लागल्यावर परत यायची. त्या बंदुकीला काडतूस ठाऊक नव्हतं. "अण्णांची बंदूक कधी उपाशी राहिली नाही," असं मामा अजून म्हणतात.

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हत्तीवरचे राजेसाहेब आणि वाघावर पाय ठेवून काढलेले फोटो येतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि पुढं १९९१ च्या दुरुस्तीनं ते दार बंद केलं, आणि ते योग्यच झालं. पेनसिल्व्हेनियातली गोष्ट निराळी. तिथं शिकारीला जातो तो कामगार असतो, शाळामास्तर असतो, टपालवाला असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या राज्यातली हरणं जवळजवळ संपली होती. बाहेरून आणून सोडली, कायदे कडक केले, आणि आज ती इतकी वाढली आहेत की मक्याच्या शेतातही सापडतात आणि हमरस्त्यावर मोटारीपुढंही येतात. किती मारायची आणि कधी, हे राज्य ठरवतं. नवशिक्याला आधी शिक्षणवर्ग पुरा करावा लागतो, रानात भडक नारिंगी जाकीट घालावं लागतं. थँक्सगिव्हिंगचा सण झाला की रायफलीचा हंगाम उघडतो. वर्षानुवर्षं तो सणानंतरच्या सोमवारी उघडे आणि त्या दिवशी कित्येक गावांत शाळांना सुटी असे. २०१९ पासून तो शनिवारी उघडू लागला. मांस घरच्या फ्रीजरमध्ये जातं. आमच्या मामींनी फ्रीजरचा खालचा कप्पा त्यासाठी तोडून दिला आहे. त्याला हात मात्र त्या लावत नाहीत.

मामांना या रानाची वाट दाखवली ती शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी. त्यांची सगळी हयात पोलादाच्या कारखान्यात गेली. २०२२ आणि २०२३ असे दोन हंगाम त्यांनी मामांना बरोबर नेलं. त्यांची स्वतःची रायफल वडिलोपार्जित: सॅव्हेज कंपनीची, १८९९ साली निघाली म्हणून 'नाइन्टी-नाइन' म्हणतात ती. घडण अशी सुरेख की नजर ठरत नाही. पण तिचं काडतूस थ्री-नॉट-थ्री सॅव्हेज. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री वेगळी आणि हे वेगळं; आकडा एक असला तरी एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. आणि हे सॅव्हेजचं काडतूस मोठ्या कारखान्यांनी बनवणं केव्हाच सोडून दिलं आहे.

२०२३ च्या हंगामात त्या गृहस्थांनी साठ-सत्तर पावलांवरच्या एका हरणीवर बार काढला. गोळी वर्मी लागली नाही. हरणी मागचा पाय ओढत उतारानं खाली गेली. दोघांनी रक्ताचे थेंब धरून दुपारपासून माग काढला. अंधार पडला, ओढा आला, माग संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. हरणी सापडली नाही.

मामांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "अरे, त्यांचा नेम वाईट नाही रे," ते म्हणाले. "पण काडतुसं होती चौदा. हा बार गेला, तेरा राहिली. चौदा काडतुसांचा धनी सराव कशानं करणार? सहा वर्षांत त्यांनी कागदावर एक गोळी झाडलेली नाही. नळीच्या टोकावरची माशी कुठं सरकली असेल ते कोणाला ठाऊक!" थोडं थांबून म्हणाले, "मला आता स्वतःची रायफल घ्यायची आहे. लिव्हर-ॲक्शनच घेणार. पण रायफल मी मागाहून बघतो. तू इतिहासवाला, तू मला आधी काडतुसांचं सांग."

लिव्हर-ॲक्शन म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांत दिसते ती रायफल. चापाभोवतीची कडी लांबवून तिची तरफ केलेली असते. ती खाली ओढली की रिकामं टरफल उडून बाहेर पडतं. वर घेतली की नवं काडतूस नळीत जाऊन बसतं. बहुतेक रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढं एक अशी ओळीनं असतात. म्हणजे मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि त्या बुडातच तर ठिणगीची टोपी असते. टोकदार गोळी घातली आणि धक्का बसला तर आतल्या आतच बार व्हायची भीती. म्हणून या रायफलींना चपट्या नाकाची गोळी लागते. अलीकडे मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळीही निघाली आहे. तात्पर्य, दुकानात त्या मापाचा डबा दिसला एवढ्यानं भागत नाही. आतली गोळीही पाहावी लागते. शेजारच्या गृहस्थांच्या सॅव्हेजमध्ये काडतुसं फिरत्या चक्रात बसतात, म्हणून तिला टोकदार गोळी चालते. एवढी हुशारी करूनही ती उपाशी राहिली.

काडतूस मिळण्याचा विचार या रायफलींच्या रक्तातच आहे. १८७३ साली विंचेस्टर कंपनीची प्रसिद्ध रायफल आली, तिचं काडतूस फॉर्टी-फोर-फॉर्टी. पाचच वर्षांनी, १८७८ मध्ये, कोल्ट कंपनीनं आपलं रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसासाठी काढलं. आता घोड्यावरून हिंडणाऱ्याला कमरेला एकच पट्टा पुरे. रायफलीला तेच, रिव्हॉल्व्हरलाही तेच. दुकान जिथं दोन दिवसांच्या वाटेवर, तिथं ही सोय फार मोलाची होती.

पुढं १८९४ साली जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून विंचेस्टरनं नवी रायफल काढली, आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बिनधुराच्या दारूचं थर्टी-थर्टी काडतूस आलं. पहिले तीस म्हणजे इंचाचे शतांश, गोळीचा व्यास. दुसरे तीस म्हणजे आतल्या दारूचं वजन, तीस ग्रेन. (सगळ्या काडतुसांची नावं अशीच असतील असं मात्र समजू नये. थर्टी-नॉट-सिक्समधला सहाचा आकडा १९०६ या सालाचा आहे. आपल्या शुद्धलेखनाचे नियम त्यामानानं सोपे म्हणायचे.) त्या एका नमुन्याच्या सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. मार्लिन कंपनीची १९४८ पासूनची ३३६ क्रमांकाची रायफलही बहुतांशी याच काडतुसावर जगली. ज्या काडतुसाच्या रायफली घरोघरी, ते दुकानदार ठेवणारच. आणि दुकानदार ठेवतो म्हणून नवा माणूसही त्याच मापाची रायफल घेतो. हे रहाट सव्वाशे वर्षं फिरतं आहे.

याच काळात थर्टी-थर्टीपेक्षा सरस काडतुसं आली नाहीत असं नाही. १९७८ मध्ये थ्री-सेव्हंटी-फाइव्ह विंचेस्टर आलं. १९८० नंतर थ्री-नॉट-सेव्हन आणि थ्री-फिफ्टी-सिक्स आली. २००७ च्या सुमारास थ्री-नॉट-एट मार्लिन एक्स्प्रेस आलं. कागदावर प्रत्येकाचा जोर अधिक, पल्ला अधिक. पण रायफली थोड्या खपल्या, म्हणून काडतुसं थोडी बनली; काडतुसं थोडी, म्हणून रायफली आणखी कमी खपल्या. तेच रहाट उलटं फिरलं. आज ज्यांच्याजवळ त्या रायफली आहेत ते प्रत्येक टरफल वेचून जपून ठेवतात आणि घरी पुन्हा भरतात. भरायचं तरी टोपी, दारू आणि गोळी बाजारातूनच आणावी लागते.

मी हे सगळं कळवलं. मामांनी आपलं काम वेगळंच चालवलं होतं. २०२४ च्या वसंतात ते खिशात वही घेऊन आसपासच्या गावांतली दुकानं हिंडत होते. तिथं हार्डवेअरच्या दुकानातही खिळे, रंग, पाण्याच्या नळ्या आणि पलीकडच्या फळीवर काडतुसं असा संसार असतो. कोणत्या मापाचे किती डबे, कोणत्या कंपनीचे, किंमत काय, हे मामा टिपून घेत. "हंगामाच्या तोंडावर सगळंच मांडलेलं असतं," ते म्हणाले. "दिवाळीत कोणीही फटाके विकतो. एप्रिलमध्ये काय मिळतं ते बघायला हवं."

एकेक उमेदवार पुढं येऊ लागला. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस. लिव्हरच्या रायफलीतही चालतं, धक्का कमी, खर्चही कमी. जुन्या काउबॉयचं एका पट्ट्याचं गणित इथंही जमतं. पण २०१९ साली वॉलमार्ट या मोठ्या दुकानसाखळीनं पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची काडतुसं विकणं बंद करायचं ठरवलं, हरणांच्या रायफलीची मात्र चालू ठेवली. त्यासरशी गावोगावची एक मोठी फळी या मापाला बंद झाली. काडतूस तेच, रायफल तीच. निर्णय कुठं लांब एका कार्यालयात झाला. फॉर्टी-फाइव्ह-सेव्हंटी हे १८७३ चं लष्करी काडतूस, अजून जोमात आहे. पण डबा महाग आणि खांद्याला धक्का असा की चौथ्या-पाचव्या बारानंतर माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. थर्टी-फाइव्ह रेमिंग्टन हे १९०६ चं, दाट रानातलं लाडकं. पण ते बनवणारे आता मोजके उरले.

निव्वळ मिळण्याचाच निकष लावला तर सर्वांत पुढं थ्री-नॉट-एट विंचेस्टर, १९५२ चं. ते जवळजवळ प्रत्येक फळीवर असतं, आणि ब्राउनिंगची एक लिव्हर-रायफल ते घेतेही, कारण तिची काडतुसं ओळीनं नव्हे, पेटीत बसतात. मामा तिच्यापाशी बराच वेळ रेंगाळले. पण ती नवी घ्यायची तर जुन्या मार्लिनच्या तुलनेत पैसे फार. "त्या फरकात दहा डबे येतात," मामा म्हणाले. "आमच्या रानात शंभर पावलांपलीकडचं दिसतच नाही. मला पल्ला नको, सराव हवा आहे."

मी एक शंका काढली. २०२० साली साथीच्या दिवसांत तिकडे काडतुसांचा दुष्काळ पडला होता. नवे गिऱ्हाईक लोंढ्यानं आले, कारखान्यांनी आधी पिस्तुलांची आणि लष्करी धर्तीच्या रायफलींची काडतुसं काढली, रेमिंग्टनसारखी जुनी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. त्या वेळी थर्टी-थर्टीचीही फळी रिकामी होती. मग सर्वांत प्रचलित माप घेऊन काय साधलं?

मामा म्हणाले, "दुष्काळात सगळ्यांचीच विहीर आटते. प्रश्न असा, की पाऊस पडल्यावर आधी कोणती भरते?" आणि खरोखर, दोन-तीन वर्षांत थर्टी-थर्टीचे डबे फळीवर परतले, थ्री-नॉट-थ्री सॅव्हेजचे परतण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय प्रचलित मापाचा आणखी एक फायदा दुकानात दिसत नाही: ते शेजाऱ्याच्या खिशात असतं. रानात डबा घरी विसरला तरी चार झोपड्यांपलीकडे कोणीतरी पाच काडतुसं हातावर ठेवतो.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बाजारानं कमी आणि सरकारनं अधिक दिलेलं आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोअरच्या आयातीवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री रायफलीचं माप तेच, गोळ्या बंडखोरांच्या हाती जातील ही धास्ती. त्यासरशी विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी नवीच मापं काढली. हत्ती-वाघांना त्यात फरक पडला नाही; फरक पडला तो कायद्याच्या अक्षरात. स्वातंत्र्यानंतरही लष्करी थ्री-नॉट-थ्री सामान्य परवानेधारकाला वर्ज्यच राहिली. त्याच्यासाठी .३१५ बोअरची सरकारी रायफल आणि तिची सरकारी काडतुसं, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का असलेली. वर्षाला किती घ्यायची हेही परवान्यावर लिहिलेलं. आपल्याकडे माणूस रायफल निवडत नाही, परवाना निवडतो. मामांना निवडीचं स्वातंत्र्य होतं, म्हणूनच त्यांच्यावर तिची जबाबदारीही होती.

एप्रिलच्या अखेरीस मामांनी जुनी मार्लिन घेतली, थर्टी-थर्टीची. दस्त्यावर ओरखडे, नळी मात्र आतून आरशासारखी. तिच्याबरोबर एकाच प्रकारचे दहा डबे, म्हणजे दोनशे काडतुसं. प्रकार एकच का, तर गोळीचं वजन किंवा बनावट बदलली की मारा बदलतो आणि माशी पुन्हा जुळवावी लागते. मामींनी विचारलं, "एका हरणाला दोनशे?" मामांनी उत्तर दिलं नाही.

उन्हाळाभर दर रविवारी ते गावाबाहेरच्या मैदानावर जात. कागदी थाळी पन्नास यार्डांवर, मग शंभरावर. आधी वाळूच्या पिशवीवर टेकून, मग बसून, मग उभ्यानं. प्रत्येक थाळीवर तारीख घालून ती ठेवून देत. एका रविवारी त्यांनी शेजारच्या गृहस्थांनाही नेलं. म्हाताऱ्यानं आपली सॅव्हेज काढली आणि बराच वेळ हातातल्या काडतुसांकडे पाहिलं. मग तीन झाडली. तिन्ही गोळ्या एकमेकींना लागून, थाळीच्या खाली आणि डावीकडे, चांगल्या वीतभर अंतरावर. हात स्थिर होता. रायफल खोटं बोलत होती, आणि तिला विचारायला काडतुसं नव्हती म्हणून इतकी वर्षं ते कळलं नव्हतं. ते काही बोलले नाहीत. रायफल पुसून गवसणीत घातली. दहा काडतुसं उरली.

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाचं मर्म त्या तीन गोळ्यांत आहे. 'काडतूस सहज मिळतं का?' हा प्रश्न वरवर काटकसरीचा आणि सोयीचा दिसतो. पण त्या प्रश्नामागं ती पाय ओढत गेलेली हरणी उभी आहे. सहज मिळतं म्हणून सराव होतो. सराव होतो म्हणून आपली गोळी कुठं जाते हे कळतं. ज्याला हे कळत नाही, त्याची रायफल कितीही देखणी असो, त्यानं ती जिवावर रोखू नये. शिकार करावी की करू नये हा वाद मोठा आहे आणि त्यात मी मामींच्या बाजूचा आहे. पण जो करणार आहे, त्यानं काय पाहून करावी, याचं याहून प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही.

२०२४ च्या हंगामात त्या गृहस्थांनी जावयाकडून थर्टी-थर्टी मागून आणली, मामांच्या डब्यातली काडतुसं घेतली, आठवडाभर आधी मैदानावर माशी जुळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हरणी मिळाली. एकच बार, वीस पावलांत ती पडली.

मामांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "आणि तुम्हाला, मामा?"

"मलाही दिसला एक नर. संध्याकाळची वेळ, शंभर-सव्वाशे पावलांवर, मध्ये डहाळ्या. मी उभा होतो." क्षणभर थांबून ते म्हणाले, "उन्हाळ्यातल्या थाळ्या आठवल्या. तेवढ्या अंतरावर, उभ्यानं, माझ्या दहातल्या तीन गोळ्या थाळीबाहेर जातात. मग काय, कडी खाली घेतली, काडतूस बाहेर काढलं, खिशात टाकलं आणि घरी आलो. मामी खूश आहेत."

— द्वितीय वर्ष, कला (इतिहास)